गाणारा कवी आणि वाचणारी समीक्षा

मराठी काव्यविचारात 'कवी' आणि 'गीतकार' हे शब्द सारख्या वजनाने वापरले जात नाहीत, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. गीतकाराच्या नावामागे 'लोकप्रिय' हे विशेषण लागले की त्यात कौतुकापेक्षा शंकाच अधिक असते. आणि जो स्वतः लिहितो, लिहिलेले स्वतःच चालीवर बसवतो आणि समुदायासमोर उभा राहून स्वतःच गातो, त्याच्यासाठी तर आपल्या परिभाषेत धड शब्दही नाही. शाहीर, कीर्तनकार, गायक, लोककवी यांपैकी प्रत्येक शब्द त्याचे एखादेच अंग पकडतो आणि बाकीचे सोडून देतो. प्रस्तुत लेखात आम्हांला अशा एका कवी-गायकाविषयी, म्हणजे वामनदादा कर्डक यांच्याविषयी लिहायचे आहे. ते हिंगोली जिल्ह्यातून लिहावेसे वाटते, यालाही कारण आहे. गाणाऱ्या कवीला साहित्यात कोठे बसवायचे, या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर याच जिल्ह्याने देऊन ठेवलेले आहे.

प्रथम चरित्राची रूपरेषा. वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी झाला. मृत्यू 15 मे 2004 रोजी. आंबेडकरी जलशांचे एक प्रवर्तक भीमराव कर्डक यांच्याशी आडनावाच्या साम्यामुळे त्यांची गल्लत केली जाते. ती विद्यार्थ्यांनी टाळावी. भीमराव आधीच्या पिढीचे आणि त्यांचे माध्यम जलसा हे होते. वामनदादांचे माध्यम सुटे गीत. वामनदादांना बालपणी शाळा मिळाली नाही. मुंबईत गिरणीत आणि इतरत्र अंगमेहनतीची कामे करीत असताना, तरुण वयात, दुकानांवरच्या पाट्या वाचत वाचत त्यांनी अक्षरओळख करून घेतली. 1943 साली मुंबईत त्यांनी पहिले गीत रचले, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवरचे विडंबन. त्यानंतरची साठ वर्षे ते गात राहिले. 'वाटचाल' (1973), 'मोहळ' (1976) आणि 'हे गीत वामनाचे' (1977) हे त्यांचे गीतसंग्रह; 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन 1996 सालचे. 1993 साली वर्धा येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

या रूपरेषेतील एक तपशील आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. पहिले गीत 1943 सालचे आणि पहिला संग्रह 1973 सालचा. मधली तीस वर्षे हा कवी पुस्तकाशिवाय कवी होता. त्याचा वाचक नव्हता, श्रोता होता. त्याचा प्रकाशक नव्हता, त्याचे गीत पुढे नेणारे दुसरे गायक होते. आपण ज्या साधनांनी वाङ्मयीन कारकीर्द मोजतो, म्हणजे संग्रह, आवृत्त्या, परीक्षणे आणि पुरस्कार, त्यांपैकी एकही साधन या तीस वर्षांना लावता येत नाही. तरीही याच काळात त्यांचे नाव वस्तीवस्तीत पोहोचलेले होते. मग हे घडले कसे?

गाणे 'गाजले' असे आपण म्हणतो तेव्हा सहसा आकाशवाणी, चित्रपट किंवा ध्वनिमुद्रिका डोळ्यांसमोर असते. 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या 'गीतरामायणा'ची लोकप्रियता आपल्याला सहज समजते, कारण तिच्या मागची यंत्रणा दिसते: शब्द माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे, आठवड्याची ठरलेली वेळ आणि घराघरांतील रेडिओ. वामनदादांच्या गीतांमागे अशी यंत्रणा नव्हती. पण एक पंचांग होते. 14 एप्रिल, वैशाख पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, 6 डिसेंबर, शिवाय लग्न, नामकरण, विहाराचे उद्घाटन आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. या प्रत्येक प्रसंगी गाणे लागते आणि ते गाणारी गायन पार्टी लागते. एक पेटी, एक ढोलकी, दोन-तीन कोरसवाले आणि पुढे उभा गायक, एवढ्या सामग्रीवर गीत एका गावातून दुसऱ्या गावात जाई. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी ते वहीत उतरवून घेई आणि पुढच्या वर्षी आपल्या गावच्या जयंतीत गाई. लोकप्रियतेची ही रीत जुनी आहे. अभंगही असेच पसरले.

यात कव्वालीचा वाटा मोठा आहे. भीमगीतांच्या क्षेत्रात दोन पार्ट्यांचे सामने होत असत. एकाने प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे बांधलेल्या ओळीने उत्तर द्यायचे, आणि निर्णय समोरच्या गर्दीने टाळ्यांनी द्यायचा. मराठवाड्याला हे अंग परके नव्हते. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. दर्ग्यातील कव्वाली आणि उर्दू शेराची ठेवण येथील कानांच्या ओळखीची होती. म्हणूनच भीमगीताचे ध्रुवपद, त्याच्याकडे पुन्हापुन्हा परतणारे अंत्ययमक आणि कडव्याच्या शेवटी साधलेला झटका येथे सहज रुजला. त्याच मंडपात भजनाचा ठेकाही चाले. प्रल्हाद शिंदे यांच्या एकाच आवाजात महाराष्ट्राने विठ्ठलाची गाणी ऐकली आणि भीमगीतेही ऐकली; योगायोग असा की त्यांचे निधनही 2004 सालीच झाले. पुढे कॅसेटचा जमाना आला तेव्हा नव्या माध्यमाला काही शोधावे लागले नाही. ऐकणारा समाज आधीच तयार होता.

आता गीतांकडे वळू. वामनदादांचे सर्वाधिक गायले गेलेले गीत बाबासाहेबांच्या जन्माचा महिमा सांगणारे आहे. त्याची शब्दकळा वरवर पाहता संतपरंपरेतील आहे. कुळांचा उद्धार ही कल्पनाच तिथली. पण येथे उद्धार करणारा देव नाही. तो जन्मतारीख असलेला, शिकलेला, लढलेला माणूस आहे. आणि उद्धाराचे चित्र मोक्षाचे नाही. पायांतील साखळदंड तुटण्याचे आहे, तेही तुटण्याचा आवाज ऐकू यावा अशा शब्दांत. जुनी भाषा तशीच ठेवून तिच्यातला अर्थ पालटण्याचे हे काम कागदावर कदाचित साधे दिसेल. समुदायाने एकत्र गाताना मात्र जुन्या शब्दाच्या ओळखीमुळे नवा अर्थ विनासायास तोंडात बसतो. हे सामर्थ्य लक्षात घेतल्याशिवाय त्या गीताचे रसग्रहण होऊच शकत नाही.

दुसरे उदाहरण आर्थिक विषमतेवरील गीताचे. देशातील मोठ्या उद्योगपतींची नावे घेऊन संपत्तीचा हिशेब मागणारे हे गीत सर्वपरिचित आहे. त्यात टाटा, बाटा या नावांशी 'वाटा' या शब्दाचे यमक जुळते. यमक हा अलंकार आहे असे आपण शिकवतो. येथे यमक हाच युक्तिवाद आहे. ज्यांच्या नावाशी धन जोडलेले आहे त्यांच्याच नावाच्या ध्वनीतून वंचिताचा हिस्सा मागितला जातो. शिवाय प्रश्न ग्रांथिक भाषेत नाही, 'हाय' म्हणणाऱ्या बोलीत आहे. सभेत बसलेला मजूर जसा विचारील तसा तो विचारलेला आहे. अर्थशास्त्रावरील एखादे प्रकरण वाचून जे समजते ते दोन ओळींत कानावाटे पोहोचवणे, याला कमी प्रतीची कारागिरी कसे म्हणावे?

तिसरे गीत यांहून निराळे. बाबासाहेबांच्या विचाराची खरी माणसे मोजकी जरी असती तरी आज चित्र वेगळे असते, अशी त्याची कल्पना. बोलण्यातला भीम आणि वागण्यातला भीम यांतील अंतरावर ते बोट ठेवते. हे गीत जयंतीच्याच मंडपात गायले जाते, म्हणजे ज्यांच्यावर टीका आहे तेच ते ऐकतात आणि ध्रुवपद उचलून धरतात. अनुयायांच्या तोंडूनच अनुयायांची झाडाझडती घेणारे असे गीत लिहायला धैर्य लागते, आणि ते गाऊन घ्यायला श्रोत्यांशी फार जुने नाते लागते. भीमगीत म्हणजे निव्वळ व्यक्तिपूजा, असा सरधोपट निष्कर्ष काढणाऱ्यांनी या गीताचा विचार केलेला दिसत नाही.

या गीतांचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे नाममुद्रा. अनेक गीतांच्या अखेरच्या कडव्यात 'वामन' हे नाव येते. एका संग्रहाच्या तर शीर्षकातच ते आहे. अभंगात जे नामा, तुका, चोखा करतात तेच हे. पण नाममुद्रा म्हणजे केवळ स्वामित्वाचा शिक्का नव्हे. छापील पुस्तकाला मुखपृष्ठ असते; गायलेल्या गीताला ते नसते. म्हणून कवीचे नाव गीताच्या अंगातच विणावे लागते. कोणत्याही गावातला कोणताही गायक ते गाऊ लागला की तेवढ्यापुरता 'वामन' होतो, आणि नाव मूळ कवीचेच राहते. परंपरा आणि व्यक्ती यांना एकत्र बांधणारी ही फार शहाणी योजना आहे.

येथे आम्हांला आमच्या जिल्ह्याकडे यावे लागते. हिंगोली तालुक्यातील कयाधू नदीकाठचे नरसी हे गाव परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांचा काळ 1270 ते 1350. त्यांना आपण संतकवी म्हणतो. पण त्यांच्या काळात त्यांची ओळख कीर्तनात उभे राहून गाणारा शिंपी अशीच असणार. ते रचत, गात, नाचत; आणि महाराष्ट्रापासून पंजाबपर्यंत त्यांचे नाव गेले ते गाण्याच्या वाटेने. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. 1604 साली सिद्ध झालेल्या या ग्रंथाची रचना रागांनुसार आहे. म्हणजे पद कोणत्या रागात गायचे हे त्याच्या संहितेचाच भाग आहे. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी याच ग्रंथाला गुरुपद दिले ते आमच्या शेजारच्या नांदेडात, आणि तिथे नामदेव आजही गायले जातात. आपली मराठी गाथा मात्र बालक्रीडा, आत्मचरित्र, तीर्थावळी अशा प्रकरणांनुसार लावलेली असते. हिंगोलीहून नांदेड हा दोनएक तासांचा प्रवास. पण तेवढ्या अंतरात एकाच कवीला जपण्याच्या दोन रीती दिसतात: एक गाणे म्हणून, एक मजकूर म्हणून. विद्यापीठीय मराठीने दुसरी रीत उचलली आणि पहिली विसरली.

औंढा नागनाथची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. नामदेव देवळासमोर कीर्तन करीत असता त्यांच्या जातीमुळे त्यांना मागे जाण्यास सांगण्यात आले. ते मागे जाऊन गाऊ लागले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. जातीवरून देवळातून उठवले जाणे आणि देऊळ फिरणे यांचा उल्लेख ग्रंथसाहिबातील त्यांच्या पदातही आहे. आख्यायिकेची ऐतिहासिकता हा आमचा विषय नाही. लोकमनाने ही कथा सातशे वर्षे का जपली, हा आहे. गाणाऱ्याला कोठे बसवायचे हे पुजारी ठरवू शकत नाही; गाणे जिथे आहे तिथे गाभाऱ्याने तोंड करावे, असा लोकांचा न्याय त्यात आहे. नामदेवांच्या बाबतीत मराठी समीक्षेने तो न्याय पुढे मान्य केला. 2015 साली 88 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबातील घुमान येथे भरले ते नामदेवांच्याच नात्याने. मग तोच न्याय विसाव्या शतकातील कवी-गायकाला लावताना आपण का अडखळतो?

1972 साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, 1974 साली दया पवारांचा 'कोंडवाडा'. या दोन्ही संग्रहांवर मराठीत भरपूर लिहिले गेले आणि ते योग्यच झाले. यांच्या बरोबर मध्ये, 1973 साली, 'वाटचाल' प्रसिद्ध झाला होता. त्याच्यावर त्या प्रमाणात काय लिहिले गेले, हे विद्यार्थ्यांनी ग्रंथालयात जाऊन पाहावे. कारण उघड आहे. दलित कवितेने मुक्तछंद स्वीकारला, नागर वाचकाला धक्का दिला, जुन्या सौंदर्यशास्त्राशी थेट भांडण मांडले. समीक्षेला त्या भांडणात उतरणे भाग पडले. भीमगीताने नागर वाचकाकडे पाहिलेच नाही. ते आपल्याच माणसांशी, छंदात, ठेक्यावर बोलत राहिले. जो आपल्याशी भांडत नाही त्याची दखल घेण्याची सवय समीक्षेला नव्हती, असे आम्हांला वाटते. पुरोगामी समीक्षाही या बाबतीत वेगळी वागली नाही.

आक्षेपांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप प्रचारकीपणाचा. प्रचार हा दोष असेल तर भक्तीचा प्रचार करणारे सगळे अभंग बाद करावे लागतील. दुसरा आक्षेप चाली उसन्या असल्याचा. तो खरा आहे. पण ओवी आणि अभंग हेही सर्वांच्या वापरातले साचे होते, आणि ओळखीच्या चालीमुळेच नवे शब्द एका रात्रीत पाठ होतात. तिसरा आक्षेप गुणवत्ता विषम असल्याचा. हा आम्ही पूर्णपणे मान्य करतो. साठ वर्षे मागणीप्रमाणे आणि प्रसंगानुरूप लिहिणाऱ्या कवीची पुष्कळ गीते प्रसंगाबरोबरच संपली. काहींत तीच प्रतिमा आणि तेच यमक पुन्हापुन्हा येते. पण यावर उपाय निवड हा आहे, दुर्लक्ष हा नाही. निवड करायची तर आधी सगळे वाचावे, आणि येथे तर ऐकावे लागते.

आणि येथेच खरा धोका आहे. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्यासारख्या नंतरच्या कवींची रचना मिसळली आणि ती वेगळी काढताना संशोधकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. वामनदादांच्या बाबतीत तेच आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे. दुसऱ्यांची गीते त्यांच्या नावावर फिरतात. त्यांची गीते कवीच्या नावाशिवाय किंवा भलत्याच नावाने इंटरनेटवर चढवली जातात. नव्या ध्वनिमुद्रणात वेळ वाचवण्यासाठी शेवटचे कडवेच गाळले जाते आणि त्याबरोबर नाममुद्राही जाते. ज्यांनी ही गीते प्रत्यक्ष त्यांच्या तोंडून ऐकली आणि वहीत उतरवली, ती पिढी आता थकली आहे. वह्या माळ्यावर आहेत, कॅसेटच्या फिती चिकटल्या आहेत. सातशे वर्षांपूर्वीच्या पाठभेदांवर प्रबंध लिहिणाऱ्या आपल्या विभागांनी सत्तर वर्षांपूर्वीच्या गीताचे पाठभेद हातचे जाऊ द्यावेत, हे शोभणारे नाही.

हे केवळ साहित्यापुरतेही नाही. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा 1 मे 1999 पासूनचा. या सोळा वर्षांचा इतिहास ठराव, मोर्चे, आयोग आणि वृत्तपत्रे यांच्या आधारे लिहिता येतो. पण घरे जळाल्यानंतर वस्तीत परतलेली माणसे पुढच्या 14 एप्रिलला काय गात होती, हे कोणत्याही कागदपत्रात नाही. ते वह्यांत आहे आणि म्हाताऱ्या गळ्यांत आहे. ते गेले तर त्या काळाचे मनच गेले.

म्हणून आमची सूचना साधी आहे आणि ती प्रत्येक महाविद्यालयाला करता येण्याजोगी आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे आमचे पाच तालुके. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी एका विद्यार्थ्याने एका तालुक्यातील गायन पार्ट्यांकडे जावे. गीत जसे गायले जाते तसे ध्वनिमुद्रित करावे. वहीतील पाठ आणि छापील पाठ शेजारी ठेवावेत. चाल कोणती, ती कोठून आली, ध्रुवपद कोण उचलते, गीत कोणत्या प्रसंगी गातात, शेवटचे कडवे गातात की गाळतात, हे सर्व नोंदवावे. ज्याची वही आहे त्याला ती परत करावी आणि त्याचे नाव, त्याच्या संमतीने, प्रबंधात द्यावे. एवढे काम पाच वर्षे सातत्याने झाले तर भीमगीतांच्या चिकित्सक आवृत्तीचा पाया आमच्या जिल्ह्यापुरता तरी घातला जाईल. आमच्या वर्गात बसणाऱ्या अनेक मुलामुलींना ही गीते मुखोद्गत आहेत. 'आधुनिक मराठी कविता' या प्रश्नपत्रिकेत त्यांचा उल्लेख करण्याचा विश्वास मात्र त्यांना वाटत नाही. तो विश्वास देणे हे अध्यापकाचे काम आहे.

वामनदादांची जन्मशताब्दी 2022 साली होऊन गेली. शताब्दीला भाषणे होतात, ती झालीही असतील. पण कवीचा सन्मान त्याच्या संहितेच्या काळजीने होतो, आणि गाणाऱ्या कवीची संहिता कागदाइतकीच गळ्यात असते. गाणे देवळाच्या मागच्या बाजूला केव्हापासूनच सुरू आहे. ते ऐकायचे असेल तर तोंड आपल्यालाच फिरवावे लागेल.